छेदात कोण कोण? वंध्यत्वावरच्या संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतं, "ताई, आयव्हीएफच्या संशोधनात यायचंय, सुरुवात कुठून करू?" (आयव्हीएफ म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणून, तयार झालेलं भ्रूण गर्भाशयात सोडायचं.) विचारणारे बहुतेक जीवशास्त्र नाहीतर बायोटेक शिकलेले असतात, अधूनमधून एखादा डॉक्टर, आणि गेल्या वर्षी चक्क संख्याशास्त्राची एक मुलगी. प्रत्येकाला घाईत तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

आत शिरायला दारं बरीच आहेत. डॉक्टर स्त्रीरोगशास्त्राकडून येतात. जीवशास्त्रवाले एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये भ्रूणं सांभाळणारे, होतात किंवा उंदरांच्या भ्रूणांवर मूलभूत काम करतात. संख्याशास्त्रवाल्यांना वाटतं, इथे आपलं काय काम? खरं तर त्यांचीच सगळ्यात जास्त गरज आहे. मी लॅबच्या दाराने आले, म्हणून पुढचं बरंचसं लॅबच्या नजरेतून.

पहिल्याच दिवशी मला दारातून परत पाठवलं होतं, कारण मी अत्तर लावून गेले होते. इनक्युबेटरमध्ये भ्रूणाभोवतीची हवा मोजूनमापून ठेवलेली असते. तापमान ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड सहा टक्क्यांच्या आसपास, आणि ऑक्सिजन पाचच टक्के, कारण शरीराच्या आत भ्रूणाला बाहेरच्या हवेइतका ऑक्सिजन कधी मिळतच नाही. अत्तर, नेलपॉलिश, ताजा रंग यांतली उडणारी रसायनं त्या हवेत शिरली की भ्रूणाला बाधू शकतात. आंघोळ करून, कपडे बदलून परत गेले तेव्हा दुपार झाली होती.

मला वाटलं होतं, महिन्याभरात इक्सीची सुई हातात येईल. स्त्रीबीज जेमतेम एक दशांश मिलिमीटरचं, सुईचं आतलं तोंड पाच मायक्रॉनच्या आसपास, त्यातून एकच शुक्राणू आत सोडायचा. ऐकूनच हात शिवशिवत होते. वाट्याला आलं ते शुक्राणू मोजणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेप्रमाणे एका नमुन्याची मोजणी दोनदा करायची, दर वेळी किमान २०० शुक्राणू मोजायचे, आणि दोन आकड्यांतला फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर दोन्ही आकडे टाकून पहिल्यापासून सुरू. पहिले कित्येक आठवडे माझे आकडे जुळेचनात. कधी नमुना नीट ढवळलेला नसे, कधी पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेला थेंब पुसायचा राहिलेला असे, कधी चौकटीच्या रेघेवरचे शुक्राणू मी दोन्ही घरांत धरलेले असत. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळू नका. स्वतःच्या हाताची चूक किती, हे ठाऊक नसताना दोन उपचारांतला फरक मोजायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत काही काळ मीही होते.

त्याच पुस्तिकेतला एक आकडा लोक फार चुकीचा वाचतात. २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत एका मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा दिली आहे. नवखे तिला पास-नापासची रेघ समजतात. पण ही रेघ आली कुठून? ज्यांच्या जोडीदाराला वर्षभराच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांच्या नमुन्यांतून. त्यांच्यातले पाच टक्के या रेघेच्या खालीच होते, आणि तेही बाप झाले.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. माझा पहिला तक्ता मी मोठ्या अभिमानाने आमच्या वरिष्ठ बाईंपुढे ठेवला. एका नव्या कल्चर माध्यमाने, म्हणजे भ्रूण ज्यात वाढवतात त्या द्रवाने, गर्भधारणेचं प्रमाण वाढलेलं दिसत होतं. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "अंश कळला. छेदात कोण कोण आहे?" मी म्हटलं, ट्रान्सफर झालेल्या, म्हणजे गर्भाशयात भ्रूण सोडलेल्या सगळ्या. "आणि ज्यांचं ट्रान्सफर झालंच नाही, त्या कुठे गेल्या?"

शाळेतला अंश-छेद, पण या क्षेत्रात निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. समजा १०० जणींनी बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू केली. कुणाची सायकल, म्हणजे उपचाराची फेरी, मधेच थांबवावी लागली, कुणाची बीजं मिळाली पण फलित झाली नाहीत, कुणाचं भ्रूण तिसऱ्या दिवसानंतर वाढलंच नाही. ट्रान्सफरपर्यंत पोचल्या ६०. त्यांतल्या ३३ जणींची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली आणि शेवटी बाळं झाली २४ जणींना. आता हवं ते यश सांगा: ५५ टक्के, ४० टक्के की २४ टक्के? तिन्ही आकडे खरे आहेत. पहिला जाहिरातीत सापडेल, दुसरा बऱ्याच शोधनिबंधांत, आणि इंजेक्शन सुरू करण्याआधी बाई जो प्रश्न विचारत असते त्याचं उत्तर मात्र तिसरा आहे. कुठलाही पेपर हातात आला की सारांश सोडा, आधी छेद शोधा. तो सापडायला दहा मिनिटं लागली, तर त्यातूनही लेखकांबद्दल बरंच कळतं.

या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते जुन्या वह्यांनी. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅममध्ये लुईस ब्राऊन, जगातलं पहिलं आयव्हीएफ बाळ, जन्मली, एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्यामागे रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांचं १९६९ पासूनचं काम होतं. पर्डी मूळच्या नर्स, लॅबचं काम त्या सांभाळत, आणि त्यांचं नाव कित्येक वर्षं कुणी घेतच नव्हतं. त्या काळातल्या नोंदवह्या पुढे अभ्यासकांनी पानन् पान तपासल्या आणि २०१५ मध्ये त्यांतला हिशेब प्रसिद्ध केला: २८२ स्त्रिया, ४५७ लॅपरोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून बीजं काढणं), ११२ भ्रूण-ट्रान्सफर, ५ गर्भधारणा, २ जिवंत बाळं. नोंदी ठेवल्या होत्या म्हणून इतक्या वर्षांनी त्या २८२ जणी निदान मोजल्या तरी गेल्या.

डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची गोष्ट लुईसच्याच वर्षातली. ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात त्यांच्या आयव्हीएफच्या प्रयोगातून दुर्गा नावाची मुलगी जन्मली. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा मानला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९८६ मध्ये मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून बाळ जन्मलं, तेव्हा देशातलं पहिलं म्हणून ते गाजलं. पुढे आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी स्वतः तपासल्या आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की पहिला मान आपला नाही, मुखोपाध्यायांचा आहे. पहिलेपणाचा मान स्वतःहून परत करणारा माणूस विज्ञानात विरळाच. लॅबची वही लिहायचा कंटाळा आला की मला हे आठवतं.

दुसरी चूक परिषदेतल्या पोस्टरवर केली. इतकी बीजं एका माध्यमात, तितकी दुसऱ्यात, आणि फरक "सिग्निफिकंट", म्हणजे निव्वळ योगायोगाने आलेला नसावा असा. एका संख्याशास्त्रज्ञाने पोस्टरसमोर उभं राहून शांतपणे विचारलं, "ही बीजं किती जणींची?" शेकडो बीजं होती, बायका मात्र मोजक्या. एकाच बाईची बारा बीजं म्हणजे बारा स्वतंत्र पुरावे नव्हेत. तिचं वय, तिची हार्मोन्स, तिच्या जोडीदाराचे शुक्राणू बाराही बीजांना सामाईक असतात. हे लक्षात घेऊन गणित पुन्हा केलं, तर फरक उरलाच नाही. पोस्टर गुंडाळून आणलं. तुम्हाला एवढंच सांगेन की प्रयोग सुरू करण्याआधी संख्याशास्त्रज्ञाकडे जा, नंतर गेलात तर तो फार तर शवविच्छेदन करून देईल.

मोजकी माणसं आणि मोठी आशा एकत्र आली की काय होतं, याचं उदाहरण म्हणजे "स्क्रॅच". आयव्हीएफच्या आधी गर्भाशयाच्या अस्तराला बारीक नळीने ओरखडा काढायचा, म्हणजे भ्रूण चांगलं रुजतं, असं २००३ मधल्या एका छोट्या अभ्यासातून वाटलं. पद्धत झपाट्याने पसरली. करायला सोपी, काहीतरी केल्याचं समाधान डॉक्टरलाही आणि पेशंटलाही. २०१९ मध्ये १३६४ स्त्रियांवरच्या मोठ्या यादृच्छिक चाचणीचा (कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेल्या) निकाल आला: ओरखडा काढलेल्या गटात २६.१ टक्के जणींना बाळं झाली, न काढलेल्या गटातही २६.१ टक्केच. दुखलं मात्र एकाच गटाला. "फरक नाही" असा निकाल यायला सोळा वर्षं गेली, आणि या क्षेत्रात तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात उपयोगी काम असंच, काहीच न सापडलेलं असू शकतं. ते पचणार नसेल तर दुसरा विषय बघा, हे मी मनापासून सांगते.

संमतीबद्दल थोडंसं. उरलेली भ्रूणं संशोधनाला द्याल का, हे बीजं काढण्याच्या दिवशी सकाळी विचारू नये. आणि शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरने विचारू नये, कारण ज्याच्या हातात आपलं बाळ आहे असं वाटतं त्याला "नाही" म्हणवत नाही.

शेवटचं काम कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत: फोन. उपचाराच्या चाचणीचा निकाल जिवंत बाळाच्या जन्मावर ठरवायचा, तर ट्रान्सफरनंतर नऊ-दहा महिन्यांनी प्रत्येकीला गाठावं लागतं. न सापडलेल्यांना गुपचूप छेदातून वगळता येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा फोन करायचे. सुरुवातीला मी उत्साहाने विचारायचे, "बाळ कसं आहे?" एकदा पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग त्या बाई म्हणाल्या, "विसाव्या आठवड्यात गेलं. तुमच्याकडे लिहिलेलं नाही का?" लिहिलेलं होतं. फाइलच्या दुसऱ्या पानावर होतं, मी पहिलंच पान पाहून नंबर फिरवला होता.

तेव्हापासून यादीतल्या प्रत्येक नावाची पूर्ण फाइल वाचल्याशिवाय मी फोन उचलत नाही. आधी विचारते, "आत्ता बोलायला सोयीचं आहे का?" आणि मग, "ट्रान्सफरनंतर पुढे काय काय झालं, सांगाल का?" बाळ हा शब्द आधी त्यांच्या तोंडून येऊ देते. कधी दोन मिनिटांत फोन संपतो, कधी पाऊण तास चालतो, म्हणून एका दुपारी पाचाहून जास्त नावं घेत नाही.