अमेरिकी राष्ट्राध्यक्षांना अर्थव्यवस्थेचे श्रेय किंवा दोष कसा द्यावा?

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की प्रत्येक राष्ट्राध्यक्षाच्या नावापुढे विकासदर, बेरोजगारी आणि महागाईचे आकडे मांडलेले तक्ते फिरू लागतात. एका शपथविधीपासून पुढच्या शपथविधीपर्यंत जे घडले ते सारे त्या एकाच व्यक्तीचे कर्तृत्व, असे हे तक्ते गृहीत धरतात. दीर्घ पल्ल्याच्या धोरणांबाबत हा हिशेब बहुधा चुकतो, कारण पेरणी एकाच्या कारकिर्दीत होते आणि कापणी दुसऱ्याच्या. असा एखादा दावा तपासायचा असेल, तर पुढील क्रमाने जावे.

पहिली पायरी म्हणजे दावा नेमका करून घेणे. ‘रेगन यांनी अर्थव्यवस्था सावरली’ हे विधान इतके ढोबळ आहे की ते तपासताच येत नाही. ‘रेगन यांनी महागाई आटोक्यात आणली’ हे मात्र तपासता येते.

दुसऱ्या पायरीवर तो निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा होता ते पाहावे. व्याजदर फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक ठरवते. राष्ट्राध्यक्ष तिचा प्रमुख नेमतो, तोही सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, संमतीने. कर आणि खर्च यांचे कायदे काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, करते. शिवाय सरकारी अर्थसंकल्पीय वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे नव्या राष्ट्राध्यक्षाचे पहिले आठ महिने आधीच्याच अर्थसंकल्पावर जातात. २००९ सालच्या प्रचंड तुटीचे खापर ओबामांवर फोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, त्यांच्या शपथविधीपूर्वीच काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने त्या वर्षासाठी सुमारे १.२ लाख कोटी डॉलरच्या तुटीचा अंदाज वर्तवला होता.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे: निर्णयाची तारीख आणि परिणामाची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. रेगन यांच्याविषयीचा वरचा दावा या कसोटीवर लावून पाहू. १९७९ च्या उन्हाळ्यात रेगन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी मंत्रिमंडळात फेरबदल करताना फेडरल रिझर्व्हचे प्रमुख विल्यम मिलर यांना अर्थखात्यात नेले आणि रिकाम्या झालेल्या जागी ऑगस्टमध्ये पॉल व्होल्कर आले. (इतिहासाला वळण देणारी ही नेमणूक काहीशी योगायोगानेच झाली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.) व्होल्कर यांनी पतपुरवठा असा आवळला की अल्पमुदतीचे व्याजदर २० टक्क्यांच्या घरात गेले. १९८० मध्ये सरासरी महागाई १३.५ टक्के होती आणि त्याच वर्षी कार्टर निवडणूक हरले. औषधाची कडू मात्रा पुढे रेगन यांच्याही वाट्याला आली: १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली आणि मध्यावधी निवडणुकीत त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील २६ जागा गमावल्या. १९८३ मध्ये मात्र महागाई ३.२ टक्क्यांवर उतरली आणि १९८४ मध्ये रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. तेव्हा नेमणुकीचे श्रेय कार्टर यांना, प्रत्यक्ष धोरणाचे व्होल्कर यांना आणि मंदीच्या काळातही ते धोरण चालू राहू देऊन १९८३ मध्ये व्होल्कर यांनाच पुन्हा नेमण्याचे श्रेय रेगन यांना द्यावे लागते. माझ्या मते रेगन यांचा हा वाटा लहान नाही, पण प्रचारात सांगितला गेला तेवढा मोठाही नाही.

चौथ्या पायरीवर, मतदाराला काय जाणवले आणि आकडे काय सांगत होते, हे वेगळे करावे. थोरल्या बुश यांच्या काळातील मंदी मार्च १९९१ मध्ये संपली होती. मात्र रोजगार मागे रेंगाळला, जून १९९२ मध्ये बेरोजगारी ७.८ टक्के झाली आणि मंदी संपल्याची अधिकृत घोषणा झाली ती डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे बुश पराभूत झाल्यानंतर.

पाचवी पायरी नशिबाचा वाटा वजा करण्याची. ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन या अर्थतज्ज्ञांना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत विकासदर स्पष्टपणे जास्त आढळला. परंतु त्या फरकाचा मोठा भाग तेलाच्या किमतींतील धक्के आणि उत्पादकता अशा कारणांनी उलगडत होता, सरकारी खर्चाच्या वा व्याजदराच्या धोरणाने नव्हे.

शेवटी निकाल वाटून लिहावा. १९९८ ते २००१ या वर्षांतील अर्थसंकल्पीय शिलकीपुढे केवळ क्लिंटन यांचे नाव पुरत नाही. त्यांच्या १९९३ च्या करवाढीबरोबरच, ‘नवे कर नाहीत’ हे वचन मोडून बुश यांनी १९९० मध्ये स्वीकारलेला करार, रिपब्लिकन काँग्रेसशी झालेली १९९७ ची तडजोड आणि शेअर बाजाराच्या तेजीतून आलेला करही तिथे नोंदवावा लागतो. दोषाच्या बाजूलाही हीच रीत पाळावी. डेरिव्हेटिव्ह व्यवहारांना (शेअर, कर्ज, व्याजदर अशा दुसऱ्या गोष्टींच्या मूल्यावर आधारलेल्या करारांना) बऱ्याच अंशी नियमनाबाहेर ठेवणारा कायदा काँग्रेसने संमत केला आणि क्लिंटन यांनी डिसेंबर २००० मध्ये त्यावर सही केली. आर्थिक संकट कोसळले ते २००८ मध्ये, धाकट्या बुश यांच्या काळात. त्या संकटात या कायद्याचा हात किती होता यावर अर्थतज्ज्ञांचे एकमत नाही, म्हणून या रकान्यात टक्केवारी न मांडता संबंधितांची नावे तेवढी लिहावीत.