पेटीवाल्यांसाठी मॅकॉय टायनर: सुरुवात डाव्या हातापासून

गोव्यात भजनाला, नाट्यगीताला पेटीची साथ करणाऱ्यांचा उजवा हात तयार असतो. डाव्याने फक्त भाता मारलेला असतो. जॅझ पियानोकडे वळताना घोडं अडतं ते इथेच. अशा वादकाने आधी मॅकॉय टायनर हा अमेरिकन जॅझ पियानोवादक घ्यावा. त्याचा सगळा डोलारा डाव्या हातावर उभा आहे, आणि खाली सा-प धरून वर विस्तार करायची त्याची रीत तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला परकी वाटत नाही.

टायनर मूळचा फिलाडेल्फियाचा, जन्म १९३८ चा. १९६० ते १९६५ तो सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत होता. पुढे स्वतःच्या रचना घेऊन १९६७ मध्ये ‘द रिअल मॅकॉय’ हा अल्बम केला. २०२० मध्ये तो गेला. हा अल्बम आधी नुसता ऐका, तोही फक्त डाव्या हातासाठी. उजव्याच्या ताना मोहात पाडतात, त्यांच्या मागे इतक्यात लागू नका.

पट्टी पांढरी दोन घ्या, म्हणजे डी. काफी थाटाचे सगळे स्वर पांढऱ्यांतच मिळतात. ८८ पट्ट्यांच्या पियानोवर डाव्या टोकाकडून दुसरी पांढरी दोन हा आपला खालचा सा. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर बहुधा ती पहिलीच असते. कीबोर्ड चालेल, पण दाबाप्रमाणे आवाज कमीजास्त होणारा आणि पेडल (पायाने दाबलं की पट्टी सोडल्यावरही स्वर टिकवणारं) जोडता येणारा हवा.

मेट्रोनोम ६० वर, चार मात्रा. पहिलीवर खालचा सा-प करंगळी-अंगठ्याने एकदम, हाताचं वजन सोडून वाजवा. आवाज निघाल्यानंतर पेडल दाबा. मग हात एक सप्तक वर उडी मारतो आणि दुसरी मात्रा अर्धी सरल्यावर सा-म-नि वाजवतो: करंगळी, तर्जनी, अंगठा. हा मध्यमांतराने (सा ते शुद्ध म एवढ्या अंतराने) रचलेला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वर, टायनरची ओळख आहे. पुढच्या समेला सा-प वाजल्यावर पेडल उचलून लगेच पुन्हा दाबा. सा-प आणि पेडल एकाच क्षणी पडले, तर आधीचा कॉर्ड नव्या आवर्तनात सांडतो आणि सगळं गढूळ होतं.

सा-म-नि बसला की त्याच जागी रे-प-सा, म-नि-ग, प-सा-म आणि ध-रे-प आणा. ग-ध-रे आणि नि-ग-ध या दोन आकृत्या मात्र वेगळ्या: कोमल गंधार ते शुद्ध धैवत हे अंतर शुद्ध मध्यमाचं नाही, तीव्र मध्यमाएवढं आहे. त्या टोचतात, म्हणून त्यांच्यावर थांबू नका, त्यांच्यावरून पुढे सरका. आणि तळाच्या सप्तकात सा-प सोडून काही भरू नका. तिथे गंधार घातला की जाड तारांचे उपस्वर एकमेकांवर आदळतात, कॉर्डऐवजी गुरगुर ऐकू येते.

उडी चुकते ती बहुतेक हात उशिरा निघाल्यामुळे. सा-प पेडलने धरलेला असतो, बोटांनी धरून ठेवायची गरज नाही. पेटीवर स्वर सोडला की आवाज तुटतो, त्या सवयीने हात खालीच चिकटून राहतो. उपाय असा: वरचा कॉर्ड न वाजवता फक्त बोटं त्या पट्ट्यांवर वेळेत टेकवा. उडी पक्की झाली की मग आवाज काढा.

आता उजवा हात. त्याच सा-प वर तीन पंचस्वरी संच फिरवा: सा ग म प नि (ग, नि कोमल), सा रे म प नि (नि कोमल) आणि सा रे म प ध. स्वर अनुक्रमे धानी, मेघ आणि दुर्गाचे आहेत, पण रागाचं चलन इथे आणू नका. पलटे करा, मात्र मात्रेला दोन स्वर ठेवून तीन-तीनचे: सागम, गमप, मपनि. चार मात्रांत तीनचे गट समेला चुकवत सरकतात आणि रियाजाचा वास जातो. चार-चारचे केलेत तर पलटा पलटाच ऐकू येतो.

शेवटी टायनरचं ‘बाहेर जाणं’, म्हणजे चालू स्वरसंच मुद्दाम सोडून परत येणं. आपल्या पट्टीत ते फार सोपं आहे: धानीचे स्वर अर्ध्या सुराने चढवले की नेमक्या पाचही काळ्या पट्ट्या येतात. डावा सा-प वर ठाम, उजवा दोन मात्रा काळ्यांवर, मग लगतच्या पांढरीवर घसरून आत. वर्ज्य स्वर लावल्यासारखा कान तक्रार करेल, करू द्या. मात्र परत यायचं ते सा, प किंवा कोमल गंधारावर, आणि समेच्या आत. बाहेर जास्त रेंगाळलात किंवा परतताना अडखळलात, की ऐकणाऱ्याला ती सरळ चूक वाटते.

घरात जुना पियानो असेल तर पावसाळ्यात पट्ट्या अडकतात. दमटपणाने लाकूड आणि आतली फेल्ट फुगते, म्हणून तो बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. ट्यूनिंग ऑक्टोबरनंतर, हवा कोरडी झाल्यावरच करून घ्या. जुलैत केलेलं दिवाळीपर्यंत टिकत नाही.