काठकुणी भिंतीतली कुजलेली तुळई बदलताना

हिमाचलात कुलू, सराहनकडच्या जुन्या गावांत भिंतीला देवदार आणि दगडाचे आळीपाळीने थर असतात. हीच काठकुणी बांधणी. काठ म्हणजे लाकूड, कुणी म्हणजे कोपरा. नग्गरचा राजवाडा याच बांधणीचा. १९०५ च्या कांगडा भूकंपात तो टिकला. अशा भिंतीचा खरा वैरी पाणी.

म्हणून आधी छपरावर चढा. छपरावरच्या पाटीचा (स्लेटचा) एक दगड सरकला की पाणी थेट तुळईच्या डोक्यावर मुरतं. ते थांबवल्याशिवाय खाली हात लावलात तर नवं लाकूडही कुजेल. मग टोच्याने लाकूड टोचत जा, विशेषतः कोपरे, खिडकीखालच्या तुळया आणि जोत्यालगतचा, बर्फ साचतो तो थर. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द वाजलं तर आत पोकळ आहे.

एका वेळी भिंतीच्या एकाच अंगाची, आतली किंवा बाहेरची, एकच तुळई काढायची. वरच्या थराला दोन्ही बाजूंनी टेकू द्या, पाचर हलकेच ठोका. भिंत उचलायची नाही, भार नुसता पेलायचा. दगड काढण्याआधी फोटो घ्या, खडूने क्रमांक टाका.

नवी तुळई देवदाराच्या तांबूस गाभ्याची, पूर्ण वाळलेली आणि जुनीच्याच मापाची हवी. ओलं लाकूड आक्रसतं आणि सांधा ढिला पडतो. तुकडा जोडायचाच झाला तर सांधा कोपऱ्यात नको, खिडकीखाली नको, वरखालच्या थरांतल्या सांध्यांच्या ओळीतही नको.

भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दोन तुळयांना बांधणारा आडवा तुकडा म्हणजे मानवी. दोन्ही टोकांना तो पारव्याच्या शेपटीसारखा रुंद होतो, म्हणून तुळया एकमेकींपासून सुटत नाहीत. हा तुकडा आळसाने वगळू नका. १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंतींचे दोन पापुद्रे अलग होऊन कोसळले, कारण त्यांना आरपार बांधणारं काही नव्हतं. कोपऱ्यात लाकडी खुंटीच ठोका. लोखंडी खिळा गंजतो, भोवतीचं लाकूड खातो.

दगड परत रचताना सपाट बाजू खाली, फटीत कपच्या घट्ट. मधे सिमेंट नको: भिंत हादऱ्यात थोडी सरकून जोर जिरवते, सिमेंटने ती आखडते, शिवाय ओल आत कोंडून लाकूड कुजतं. आतून लिंपायचं तर माती-शेणानेच. टेकू सगळ्यात शेवटी काढा, तेही दोन-चार दिवस पाचरा थोड्या थोड्या सैल करत.