समुद्री शेवाळाचा अर्क जिवाणूंना रोखतो का? असं तपासा

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला ‘सीवीड’ नवं नाही. पण तो ते फवारतो वेलीच्या वाढीसाठी. याच शेवाळाने जिवाणू रोखले जातात का, हा प्रश्न वेगळा, आणि सांगलीतल्या बीएस्सीच्या प्रोजेक्टला चांगला. प्रयोग मात्र कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये, सर-मॅडमच्या देखरेखीखालीच करायचा. घरी जिवाणू वाढवू नका.

आधी शेवाळ. आपल्याकडे समुद्र नाही, म्हणजे आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची. ओहोटीला खडकांवर हिरवं उल्वा किंवा तपकिरी सरगॅसम सापडतं. एकच जात घ्या, तीही थोडीच. ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा. शंख-शिंपले, वाळू काढून गोड्या पाण्याने भराभर धुवा. अंगावर मीठ राहिलं तर तेच जिवाणूंना रोखेल आणि श्रेय शेवाळाला जाईल. मग सावलीत वाळवा, मिक्सरमधून पूड करा.

१० ग्रॅम पूड १०० मिली मेथॅनॉलमध्ये घालून बाटली घट्ट बंद करा. अधूनमधून हलवत एक-दोन दिवस ठेवा, गाळा, आणि ४० अंशांच्या आसपास द्रावक उडवून द्या. मेथॅनॉल विषारी आहे आणि पेटतं, त्यामुळे बर्नर लांब आणि काम फ्यूमहूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात. नुसत्या पाण्यात अर्क काढला तर बऱ्याचदा निराशा होते, कारण शेवाळातली मेदाम्लं (फॅटी अॅसिड) आणि टर्पीन ही तेलकट संयुगं पाण्यात फारशी उतरत नाहीत. उरलेला चिकट अर्क वजन करून डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, मिलीला किती मिलिग्रॅम ते बाटलीवर लिहा.

आता प्लेट. म्युलर-हिंटन अगर, म्हणजे जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम, ४ मिमी जाडीचं ओता. हे अगरही लाल समुद्री शेवाळातूनच येतं, आणि जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत ते १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला पोचलं ते फॅनी हेसे या गृहिणीच्या सल्ल्याने! बॅसिलस सबटिलिस आणि लॅबमधला निरुपद्रवी ई. कोलाय, हे दोन्ही जिवाणू घ्या. दुसऱ्याला बाहेरचं जादा आवरण असतं, त्यामुळे तो सहसा दाद देत नाही. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंडइतकं (हे गढूळपणाचं ठरलेलं माप) गढूळ करून कापसाच्या काडीने सगळीकडे सारखं पसरा. मग गाळणकागदाच्या ६ मिमीच्या तीन चकत्या ठेवा: अर्काची, नुसत्या डीएमएसओची, आणि ओळखीच्या अँटिबायोटिकची. ३७ अंशांवर १८ ते २४ तास.

मधली चकती विसरलात तर सगळा प्रयोग वाया. डीएमएसओभोवतीही वलय, म्हणजे जिवाणू न वाढलेला स्वच्छ गोल, आलं, तर अर्काच्या वलयाला काही अर्थ उरत नाही. प्रत्येक अर्काच्या निदान तीन प्लेट करा आणि चकतीसकट व्यास मिमीमध्ये मोजा.

मोठं वलय म्हणजे जास्त ताकद, असं लगेच म्हणू नका. काही रेणू अगरमधून भराभर पसरतात, काही जागीच अडकतात. खरी तुलना करायची तर अर्क पातळ करत जाऊन, वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा शोधावी लागते. आणि वलय दिसलं म्हणून जतच्या किंवा आटपाडीच्या डाळिंबावर तेल्या या जिवाणूजन्य रोगासाठी हे फवारायला कोणाला सांगू नका. प्लेटमध्ये ऊन, पाऊस, पानाची साल यांपैकी काहीच नसतं. रोगावर औषध म्हणून विकायला तर १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते.

मोजून झालेल्या प्लेट आधी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशांवर घालायच्या, मगच कचऱ्यात.