सिंहगड–राजगड–तोरणा: कॉलेजच्या जुन्या मंडळींसाठी तीन दिवसांची आखणी

हा ट्रेक तीन दिवसांचाच आखा. विशीत दोन दिवसांत केला असेल, पण पंचेचाळिशीतल्या सात-आठ जणांना तो दोन दिवसांत बसवायचा म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाचा तरी गुडघा बोलायला लागतो आणि तोरण्याची धार अंधारात गाठावी लागते. तीन दिवसांत तीच वाट सगळ्यांना झेपते, गड नीट बघून होतात आणि गप्पांनाही वेळ उरतो. गटात सगळ्यांत हळू कोण चालतं ते आधी ओळखायचं आणि वेळा, ओझं, मुक्काम सगळं त्याच्या बेतानं ठरवायचं. बाकीची आखणी यावरच उभी आहे.

माणसं आणि तारीख

ग्रुपवर विचारलं की सगळेच "येतो" म्हणतात, आणि आदल्या आठवड्यात गळती सुरू होते. तारीख दोन महिने आधी ठरवा आणि जो परत न मिळणारे पैसे भरेल तोच येणार असं धरा. सहा ते आठ जण पुरे. त्याहून जास्त झाले की गावात एका घरी जेवण-झोपण्याची सोय होत नाही, सामानासकट एका क्रूझरमध्ये मावत नाहीत, आणि पहिला व शेवटचा यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर पडतं.

हंगाम मध्य नोव्हेंबर ते जानेवारी अखेर. ऑक्टोबरात ऊन भाजून काढतं आणि वाढलेल्या गवतात वाट दिसत नाही. फेब्रुवारीनंतर टाक्यांतलं पाणी खाली जातं आणि वाळलेल्या गवताला वणवे लागतात. डिसेंबरात सातच्या सुमाराला उजाडतं आणि सहाला सूर्य मावळतो, म्हणजे साडेपाचला चाल संपलेली हवी. शक्य असेल तर गुरुवार-शुक्रवार-शनिवार घ्या. शनिवार-रविवारी राजगडाच्या चोर दरवाजाखालच्या रेलिंगपाशी रांग लागते, आणि तिथे सॅक पाठीवर घेऊन ताटकळत उभं राहणं धोक्याचं. शिवाय रविवार घरी पाय पसरायला मिळतो.

दोन महिन्यांची तयारी

पर्वती किंवा वेताळ टेकडी आठवड्यातून तीनदा. तिसऱ्या आठवड्यापासून सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ४ किलो, सहाव्या आठवड्यात ७ किलो. पुणेकरांची खरी परीक्षा मात्र सिंहगडच: पायथ्याच्या आतकरवाडीतून ७ किलो ओझं घेऊन दीड तासात वर, थोडं थांबून खाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी उतरताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येत असेल तर अजून तयारी हवी. बहुतेक जण चढायचा सराव करतात आणि उतरायचा विसरतात. उतारावर मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचं वजन पेलतात, आणि सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी नेमके तेच भरून येतात. त्यामुळे टेकडीवरून गाडीने किंवा लिफ्ट मागून उतरायचं नाही.

ज्याला मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्याने डॉक्टरांना नेमकं सांगायचं: तीन दिवस, रोज सात-आठ तास चाल, जेवणाच्या वेळा पुढे-मागे. साखरेच्या काही गोळ्यांवर एवढी चाल झाली की साखर घसरते, म्हणून डोस तेच ठरवतील. कोण काय घेतो आणि औषध सॅकच्या कोणत्या कप्प्यात आहे, हे गटातल्या आणखी दोघांना माहीत हवं. मित्रांपुढे आजार लपवायचा मोह होतो. इथे तो लपवू नका.

माळ्यावरचे बूट

दहा-बारा वर्षं माळ्यावर पडलेले ट्रेकिंगचे बूट वरून नवेकोरे दिसतात. पण तळव्याच्या आतला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेनं न वापरताही कुजतो, आणि पहिल्याच मोठ्या चढावर सोल टाचेकडून उघडतो. घरीच तपासा: सोलच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा आणि बूट पंजापाशी वाकवून बघा. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला, तर तो बूट टाकून द्या. फेव्हिक्विकवर भिस्त ठेवू नका, कारण आतला थरच भुसभुशीत झालेला असतो आणि चिकटवलेला सोल त्याच्यासकट पुन्हा सुटतो. वाटेत सुटलाच तर दीड-दोन मीटर नायलॉनची दोरी उपयोगी पडते. पंजाभोवती दोन वेढे, टाचेच्या पुढच्या खाचेतून एक वेढा, आणि गाठ वरच्या बाजूला. गाठ तळव्याखाली आली तर कातळावर पाय घसरतो. ही दोरी गटात दोघांकडे असू द्या.

नवे बूट घेतले तर ट्रेकच्या आधी किमान २५ किलोमीटर पायात घाला. नखं चार दिवस आधी कापा. उतार सुरू होण्यापूर्वी नाडी सोडून घोट्यापाशी घट्ट बांधा. नाहीतर पाय पुढे सरकतो, अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो आणि तिसऱ्या दिवशी नख काळं पडतं. तळव्याला कुठे चुरचुरलं तर लगेच थांबून मायक्रोपोर टेप लावायची. पुढच्या विश्रांतीपर्यंत वाट बघितली की तोवर फोड आलेला असतो.

मुक्काम आणि ओझं

राजगडावर पद्मावती देवीच्या देवळात आणि तोरण्यावर मेंगाईच्या देवळात मुक्काम करायची जुनी रीत सगळ्यांना आठवते. पण राजगडावरच्या मुक्कामावर पुरातत्त्व खात्याने बंधनं घातली, आणि २०२५ मध्ये हा गड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेला. त्यामुळे दोन्ही मुक्काम पायथ्याला धरा: पहिला गुंजवण्यात, दुसरा वेल्ह्यात. घरगुती जेवणाची सोय होते. फक्त आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी फोन करून किती जण, शाकाहारी किती, किती वाजता पोहोचणार हे सांगायचं. यात तंबू, गॅस, भांडी घरीच राहतात, आणि या वयात पाठीवरचा एकेक किलो जाणवतो.

४० ते ४५ लिटरची सॅक पुरते. पाणी धरून ८ किलो, फार तर ९. हलकी स्लीपिंग बॅग सव्वा किलो, कॅरीमॅट ३०० ग्रॅम, विंडचीटर आणि एक स्वेटर, झोपायचे कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत, मोज्यांचे तीन जोड, हेडटॉर्च आणि जादा सेल, टोपी, पॉवर बँक. जीन्स नको: घामाने जड होते, वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात. सॅकच्या कमरपट्ट्याची पकड कमरेच्या हाडावर आली पाहिजे. पट्टा पोटावर बांधला की सगळं वजन खांद्यांवर येतं, आणि मग खांदे दुखतात म्हणून सॅकला नावं ठेवली जातात.

पाणी आणि खाणं

माणशी ३ लिटर पाणी घेऊनच निघायचं, आणि ते ८ किलोंत धरलेलं आहे. सिंहगडावरून विंझर गावाकडे जाणाऱ्या धारेवर भरवशाचं पाणी नाही. टाक्याचं पाणी घ्यावं लागलं तर फडक्यातून गाळून क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यासाठी असतं. घाईत ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात. त्याने तहान वाढते आणि मळमळतं. पोटरीला पेटके आले तर बसून पंजा स्वतःकडे ओढायचा, पाणी घोटाघोटानं प्यायचं आणि दहा मिनिटांनी हळू चालायला लागायचं.

जेवण गावात, त्यामुळे वाटेचं खाणं तेवढं न्यायचं. गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की माणशी रोज १०० ग्रॅम, म्हणजे आठ जणांना तीन दिवसांची अडीच किलो. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगल्या राहतात; त्या आणि शेंगदाण्याची चटणी माणशी चार. तिसऱ्या दिवशी वेल्ह्यातून भाकरी आणि सुकी भाजी बांधून घ्या. संत्री माणशी दोन. फरसाणाची मोठी पुडी टाळा, त्याने नुसता घसा कोरडा पडतो. दारू पूर्ण बंद. गड हा पिण्याची जागा नाही आणि गडावर ती नेणं गुन्हा आहे. मुक्कामाच्या गावातही नको, कारण रात्री घेतलेली दारू सकाळच्या चढावर शरीरातल्या पाण्याचा हिशेब बिघडवते.

दिवस पहिला: सिंहगड ते विंझर

पहाटे आतकरवाडी. उजाडायच्या आत गड चढून वर पिठलं-भाकरीची न्याहारी करा, देवटाकं बघा, पण साडेनऊला कल्याण दरवाजातून बाहेर पडा. इथेच चूक होते. पूर्वेकडे जाणारी धार कात्रजची आहे आणि तिच्यावरची वाट जास्त मळलेली असते. आपल्याला नैर्ऋत्येला विंझरकडे जायचं आहे. गटात कुणी ही वाट अलीकडे केलेली नसेल तर कल्याण गावातून वाटाड्या घ्या, आणि वाटेची जीपीएक्स फाइल (फोनच्या नकाशावर वाट दाखवणारी) दोन फोनमध्ये ऑफलाइन ठेवा. सहा-सात तास धरा. विंझरपासून मार्गासनी, साखरमार्गे गुंजवण्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथे चालण्यात काही मिळवायचं नाही, गाडी आधी सांगून ठेवा.

ढोरवाटा हा या धारेवरचा मोठा फसवा प्रकार आहे. गुरं चढ-उतार टाळून डोंगराच्या कुशीतून आडवी जातात, म्हणून त्यांच्या वाटा रुंद आणि सोप्या वाटतात. पण त्या दर पन्नास पावलांवर फुटतात आणि शेवटी गवतात विरतात. चालती वाट कातळावर बुटांनी गुळगुळीत झालेली असते आणि बहुतेक वेळा धार सोडत नाही. दहा मिनिटं पायाखाली नुसतं शेण आणि खुरांचे ठसे दिसले, तर पुढे रेटू नका. शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत सगळ्यांनी मागे यायचं.

दिवस दुसरा: राजगड

सकाळी सातला गुंजवणे सोडा. चोर दरवाजाची वाट अडीच-तीन तासांची, वरचा टप्पा कातळाचा, रेलिंग लावलेला. तिथे एका वेळी एकच जण, काठ्या सॅकला अडकवून, दोन्ही हात मोकळे. पद्मावती माचीवर सॅक ठेवून बालेकिल्ला बघून या, पण एकाने सामानापाशी बसायचं. माकडं चेन उघडून डबा नेतात. मग संजीवनी माची आणि अळू दरवाजातून खाली. संजीवनीची दुहेरी तटबंदी घाईत बघण्याजोगी नाही, म्हणून तिला तासभर राखून ठेवा. दुपारी एकला मात्र अळू दरवाजातून निघायलाच हवं. उतार घसाऱ्याचा आहे, पुढे कारवीतून जाणारी धार. दोन-अडीच तासांत खिंडीत भुतोंड्याकडे जाणारा गाडीरस्ता लागतो. गाडी इथे बोलवायची आणि वेल्ह्याला मुक्कामी जायचं. खिंडीत रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा वेळ सकाळीच पक्की करा.

दिवस तिसरा: तोरणा

सकाळी त्याच खिंडीत सोडायला सांगून तोरण्याच्या बुधला माचीकडे चढायला लागा. ज्याचा गुडघा किंवा पाय कुरकुरतोय त्याने वेल्ह्यातून मुख्य वाटेने सावकाश गडावर यावं आणि मेंगाईच्या देवळापाशी बाकीच्यांना भेटावं. त्याच्यासोबत आणखी एक जण हवाच. तोरणा १४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच किल्ला. बुधल्याखालचा चढ खडा आहे, मुरमाड घसारा आणि मध्ये कातळ. इथे दोघांत चार-पाच मीटर अंतर ठेवा, दगड सुटला तर लगेच ओरडून सांगा, आणि खालच्याने वर बघत न बसता बाजूला सरकायचं.

तिन्ही दिवस एक जण पुढे, एक जण सगळ्यांच्या मागे. मागच्याने कुणालाही मागे टाकायचं नाही, आणि पुढच्याने प्रत्येक फाट्यावर शेवटचा दिसेपर्यंत थांबायचं. जुन्या मित्रांत कोण कुणाला "हळू चाल" म्हणणार, हा संकोच असतो, म्हणून ही दोन माणसं निघायच्या आधीच नेमा. चालताना बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. पोळं उठलंच तर डोकं-तोंड कपड्याने झाकून लगेच तिथून लांब जा. मोठी दुखापत झाली तर ११२ किंवा १०८, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन निघायच्या आधीच प्रत्येकाच्या फोनमध्ये हवी. मदत येईपर्यंत जखमीला उबदार ठेवायचं आणि एकट्याला सोडायचं नाही.

तोरण्यावरून वेल्ह्याला उतरायला दोन-अडीच तास. काठी असेल तर चढापेक्षा पाच-सात सेंटिमीटर लांब करा, गुडघा किंचित वाकवून छोटी पावलं टाका. दुपारी दोनला गड सोडला तर पाचच्या आत वेल्ह्यात. स्वारगेटची शेवटची एसटी किती वाजता ते सकाळीच स्टँडवर विचारून ठेवा. पुण्याला गाडी चालवत परतायचा बेत मात्र नको. तीन दिवसांच्या चालीनंतर घाटात स्टिअरिंगवर डोळा लागतो. ड्रायव्हरसकट गाडी सांगा, आणि तिचं भाडं पहिल्याच दिवशी वर्गणीत धरून टाका.