व्हॉल्युमेट्रिक कॅप्चर करताय? व्हीआरमध्ये प्रेक्षक मोकळा फिरणार असेल तर या चुका टाळा

व्हॉल्युमेट्रिक कॅप्चर म्हणजे कलाकाराला सगळ्या बाजूंनी टिपून त्याची हलती थ्रीडी प्रतिमा बनवणं, जिच्याभोवती व्हीआरमध्ये फिरता येतं. आणि हेडसेट घातलेला माणूस एका जागी थांबत नाही. तो वाकतो, पुढे सरकतो, कलाकाराच्या पाठीमागे जाऊन बघतो, खाली बसून टेबलाखाली डोकावतो. साध्या व्हिडिओत कॅमेरा जिथे ठेवलाय तिथेच प्रेक्षक असतो, इथे तसं नाहीये, आणि बहुतेक गडबडी इथूनच सुरू होतात कारण लोक कॅमेरे आधी लावून मोकळे होतात आणि प्रेक्षक कुठे कुठे जाणार हे शूट संपल्यावर ठरवतात. उलटं करा. आधी जमिनीवर टेप लावून प्रेक्षकाची जागा आखा, त्या टेपच्या आत उभं राहून, बसून, वाकून काय काय दिसेल ते बघा, आणि मगच कॅमेरे कुठे लागतील ते ठरवा.

३६० व्हिडिओ म्हणजे व्हॉल्युमेट्रिक नाही

ही चूक अजूनही खूप दिसते. ३६० व्हिडिओत फक्त मान फिरवता येते, त्याला थ्रीडॉफ म्हणतात. जागा सोडून पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे सरकता आलं तर ते सिक्सडॉफ. २०१८ चा ऑक्युलस गो थ्रीडॉफ होता, २०१९ चा क्वेस्ट सिक्सडॉफ. आता सिक्सडॉफ हेडसेटमध्ये ३६० व्हिडिओ लावला आणि प्रेक्षक पुढे झुकला तर अख्खं जग त्याच्याबरोबर पुढे सरकतं, जवळची वस्तू जवळ येतच नाही. शरीर म्हणतं मी हललो, डोळे म्हणतात नाही, आणि पोटात ढवळायला लागतं. हे कुठल्याही सेटिंगने सुटत नाही कारण त्या फाइलमध्ये डेप्थची, म्हणजे कुठली वस्तू किती लांब आहे याची, माहितीच नाहीये. स्टिरिओ ३६० घेतलं तरी तेच, ते दोन डोळ्यांना वेगळं चित्र देतं पण सरकायला जागा देत नाही.

हात दोन दिसतायत? आधी सिंक बघा

मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय, कारण लोक इथे आठवडे वाया घालवतात आणि दोष सॉफ्टवेअरला देतात. सिंक म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी फ्रेम घेणं. ते चुकल्याचं लक्षण असं असतं: उभा माणूस मस्त दिसतो, पण त्याने टाळी वाजवली की बोटांच्या कडा फाटतात, मनगटाला दुसरं पुसट मनगट चिकटलेलं दिसतं, गिरकी घेतली की केस डोक्यापासून सुटून हवेत राहतात. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. तुम्ही टाळीचा आवाज जुळवून टाइमलाइनवर क्लिप सरकवल्या तरी जुळणी जवळच्या फ्रेमपर्यंतच होते, अर्ध्या फ्रेमचा फरक राहू शकतो, म्हणजे साधारण १६ मिलिसेकंद. सेकंदाला ३ मीटर वेगाने जाणारा हात तेवढ्यात ५ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो! एका कॅमेऱ्याने हात इथे बघितला, दुसऱ्याने ५ सेंटीमीटर पलीकडे, मग मेश, म्हणजे कलाकाराच्या आकाराची थ्रीडी जाळी, बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने करायचं तरी काय. उपाय एकच, सगळ्या कॅमेऱ्यांना एकच ट्रिगर द्या, जेनलॉक किंवा हार्डवेअर सिंक केबल. फक्त टाइमकोड जुळला म्हणजे शटर एकाच क्षणी उघडलं असं होत नाही, तो फ्रेमला नुसता नंबर देतो. शटर स्पीडही वाढवा, नाहीतर सिंक बरोबर असूनही मोशन ब्लरमुळे कडा पुसटच राहतील, आणि शटर वाढवलं की लाइट जास्त लागणार हे बजेटमध्ये आधीच धरा.

डेप्थ सेन्सर वापरत असाल तर उलटा घोळ होतो. टाइम ऑफ फ्लाइटवाले सेन्सर (प्रकाश जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारे) स्वतः इन्फ्रारेड फेकतात, सगळे एकदम फेकायला लागले की एकाचा प्रकाश दुसऱ्याला दिसतो आणि डेप्थ थरथरते. अझूर किनेक्ट या डेप्थ सेन्सरसाठी म्हणूनच दोन युनिटमध्ये किमान १६० मायक्रोसेकंदांचं अंतर ठेवायला सांगतात. (त्याचं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये थांबवलं, पण बऱ्याच जणांकडे अजून तोच आहे.)

कपडे, केस, चष्मा

काळे केस आणि काही काळे कपडे इन्फ्रारेड गिळून टाकतात, तिथे भोकं पडतात. चकचकीत दागिना, पट्ट्याचं बक्कल, चष्म्याची काच यांनीही डेप्थ चुकते. शूटच्या आदल्या दिवशी कलाकाराला त्याच कपड्यात सेन्सरसमोर उभं करून बघा, ही दहा मिनिटं कधीच वाया जात नाहीत. पातळ फडफडणारं कापड तर शक्यतो नकोच.

सकाळचं कॅलिब्रेशन संध्याकाळी चालत नाही

कॅलिब्रेशन म्हणजे प्रत्येक कॅमेरा नेमका कुठे आणि कुठल्या दिशेला आहे हे सॉफ्टवेअरला मोजून देणं. पण कुणाचा तरी पाय स्टँडला लागतो, कुणी सांगत नाही, आणि त्यानंतरचे सगळे टेक थोडे वाकडे येतात. चेहऱ्यावर दुहेरी नाक दिसलं आणि माणूस स्थिर असतानाही दिसलं तर तो सिंकचा दोष नाही, कॅलिब्रेशनचा आहे. हलताना बिघडलं तर सिंक, स्थिर असतानाही बिघडलं तर कॅलिब्रेशन, एवढं लक्षात ठेवलं तरी शोधाशोध निम्मी होते. प्रत्येक ब्रेकनंतर कॅलिब्रेशनचा बोर्ड कॅमेऱ्यांसमोर फिरवून कॅलिब्रेशन परत करा आणि एरर एका पिक्सेलच्या आत आहे ना बघा. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स सगळीकडे मॅन्युअल आणि सारखं, ऑटोवर ठेवलं तर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळा येतो.

डिस्कचं पण बघा. कॉम्प्रेस न केलेला एक १०८० पी कॅमेरा ३० फ्रेमला सेकंदाला साधारण १८७ एमबी देतो, दहा कॅमेरे म्हणजे जवळपास १.९ जीबी. साधा साटा एसएसडी तेवढं घेऊच शकत नाही, फ्रेम ड्रॉप होतात आणि कुठल्या झाल्या ते कळतही नाही.

जागेचं स्कॅनिंग: एका जागी उभं राहून गोल फिरू नका

खोली किंवा परिसर गॉशियन स्प्लॅटने (फोटोंवरून असंख्य पुसट रंगीत ठिपक्यांचं थ्रीडी दृश्य बनवायच्या तंत्राने) करायची आता खूप सोय झालीय, २०२३ मध्ये हे तंत्र आलं आणि दिसतं पण भारी. पण एका जागी उभं राहून गोल फिरवून घेतलेल्या फोटोंत पॅरलॅक्स (जागा बदलली की जवळच्या वस्तू लांबच्यांपेक्षा जास्त सरकलेल्या दिसणं) नसतो, त्यातून डेप्थ निघत नाही. पायाने सरका, वेगवेगळ्या उंचीवरून घ्या, गुडघ्याच्या उंचीवरून पण. जिथे कॅमेरा गेलाच नाही तिथे प्रेक्षक गेला की सुया आणि धुकं दिसतं, म्हणून वर म्हटलेली टेपची आखणी इथेही लागते. आणि पीसीवर मख्खन चालणारा स्प्लॅट पीसीशिवाय चालणाऱ्या स्टँडअलोन हेडसेटवर अडखळतो, त्यामुळे तो कापून हलका करा, फ्रेमरेट पडून चालणारच नाही.

तरंगणारे पाय आणि राक्षसाएवढी माणसं

व्हीआर बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी युनिटीत एक युनिट म्हणजे एक मीटर, अनरियलमध्ये एक सेंटीमीटर. इकडून तिकडे फाइल नेताना माणूस शंभरपट मोठा किंवा मुंगीएवढा होतो, ते लगेच कळतं. जास्त त्रासदायक म्हणजे पाचदहा टक्क्यांची चूक, कारण ती मॉनिटरवर दिसत नाही, हेडसेटमध्ये मात्र समोरचा माणूस विचित्र वाटतो आणि का ते सांगता येत नाही. फक्त फोटोंवरून केलेल्या स्कॅनला स्वतःचं माप नसतं, म्हणून फ्रेममध्ये एक मीटरची पट्टी ठेवून तिच्यावरूनच स्केल लावा. पाय जमिनीच्या वर तरंगत असतील तर ट्रॅकिंग ओरिजिन (हेडसेटची उंची जिथून मोजली जाते तो शून्य बिंदू) फ्लोअरवर आहे का ते आधी तपासा, मग कलाकाराची मेश खाली आणा, आणि पायाखाली मऊ सावली टाका. सावली नसली की बरोबर टेकलेले पायही तरंगतात असं वाटतं.

हालचाल

प्रेक्षक आखलेल्या हद्दीबाहेर गेला तर चित्र अडवू नका, म्हणजे डोकं पुढे गेलंय पण दृश्य थांबलंय असं अजिबात करू नका, त्याने हमखास मळमळतं. दृश्य हळूहळू काळं करा आणि परत यायची दिशा दाखवा. जॉयस्टिकने सरकत नेण्यापेक्षा टेलिपोर्ट (एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी) बरं, वळायला ३० किंवा ४५ अंशांचे झटपट टप्पे बरे. ज्यांना सरकत जायचंच आहे त्यांच्यासाठी कडा काळ्या करण्याचा पर्याय ठेवा.

आवाज

हा तर बिचारा कायम विसरला जातो. अँबिसोनिक माइकचं (सगळ्या दिशांचा आवाज एकदम टिपणाऱ्या माइकचं) रेकॉर्डिंग एकाच बिंदूचं असतं, मान फिरवली तर आवाज बरोबर फिरतो, पण कलाकाराजवळ चालत गेलं तरी तो जवळ येत नाही. चेहरा हातभर अंतरावर आणि आवाज खोलीच्या मधून, हे कानाला लगेच खटकतं. प्रत्येक कलाकाराला वेगळा कॉलर माइक लावा, तो ट्रॅक मेशच्या तोंडाजवळ बसवा आणि डोकं हलेल तसा फ्रेमगणिक हलवा. अँबिसोनिक फक्त लांबच्या वातावरणासाठी ठेवा. नंतर हेडसेट घालून कलाकाराभोवती डोळे मिटून एक चक्कर मारा, आवाज तोंडातूनच येतोय की छातीतून ते तेव्हाच नीट कळतं.