एतिकाफला बसण्याआधी: हद्द, रात्री आणि कजा

सुन्नत एतिकाफ (रमजानचे शेवटचे दहा दिवस उपासनेसाठी मशिदीतच मुक्काम करणे) मोडतो तो इबादत कमी पडल्यामुळे नव्हे. जेवलेले ताट धुवायला नळापर्यंत गेले की मोडतो, चपला काढायच्या जागेवर उभे राहून भावाशी दोन शब्द बोलले की मोडतो, आणि बसणाऱ्याला बऱ्याचदा त्याचा पत्ताही नसतो. म्हणून तयारीची सुरुवात अंथरुणापासून न करता मशिदीच्या हद्दीपासून करावी. खालचे तपशील हनफी मसलकाप्रमाणे (धार्मिक नियमांच्या परंपरेप्रमाणे) आहेत. शाफई मसलकातले मोठे फरक त्या त्या जागी दिले आहेत.

रमजानच्या विसाव्या रोजाचा सूर्य मावळण्याआधी मशिदीत, नियतीसह, हजर असायला हवे. नियत मनातली पुरते, तोंडाने म्हणायची सक्ती नाही. असरची (दुपार उतरतानाची) नमाज तिथेच पढून थांबणे सगळ्यांत सोपे, कारण सूर्यास्तानंतर पाच मिनिटे उशीर झाला तरी तो सुन्नत एतिकाफ राहत नाही, नफल (ऐच्छिक) होतो. मगरिबबरोबर (सूर्यास्ताच्या नमाजेबरोबर) एकविसावी रात्र लागते आणि ती पहिली ताक रात (विषम रात्र) आहे. ही सुन्नत मुअक्कदा किफाया आहे: मोहल्ल्यातला एकजण बसला तरी सगळ्यांवरची जबाबदारी उतरते, कोणीच बसले नाही तर सगळे दोषी. शाफई मसलकात ती प्रत्येकासाठी स्वतंत्र सुन्नत आहे, आणि तिथे एतिकाफला रोजा ही अट नाही. हनफींमध्ये सुन्नत एतिकाफ रोजाशिवाय होत नाही. साखर, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे. आजारपणामुळे रोजा सोडावा लागला तर एतिकाफही सुटतो.

आता हद्द. मशिदीचे कुंपण आणि शरई (धर्मनियमाने ठरलेली) मशीद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नमाजेसाठी वक्फ केलेली (कायमची अर्पण केलेली) जागा तेवढी मशीद. वजूखाना (नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्याची जागा), शौचालय, गुसलखाना (न्हाणीघर), चपलांची जागा, इमामसाहेबांची खोली, सामानाची खोली बहुतेक ठिकाणी बाहेर मोडतात. अंगणाचा भरवसा धरू नये: काही मशिदींत तो सहन आत धरलेला असतो, काहींत नसतो, आणि नुसते बघून ते कळत नाही. वरचा मजला आणि छत मशिदीतच येते, पण वर जाणारा जिना हद्दीबाहेरून असेल तर गरजेशिवाय त्यावरून जाता येत नाही. एकोणिसाव्या किंवा विसाव्या रोजाला इमाम किंवा मुतवल्ली (मशिदीचा कारभार बघणारे) यांच्याबरोबर एक फेरी मारा आणि कुठपर्यंत आत, कुठून बाहेर, ते पायाखालची फरशी बघून ठरवून घ्या. शंका असलेल्या जागी बारीक चिकटपट्टी लावली तर सगळ्यांचीच सोय होते.

बाहेर पडायला मोजकीच कारणे चालतात. लघवी-शौच, वजू नसेल तेव्हा वजू, स्वप्नदोषानंतरचा गुसल, म्हणजे आंघोळ (स्वप्नदोषाने एतिकाफ मोडत नाही, पण जाग येताच उठावे), मशिदीत जुमा (शुक्रवारची नमाज) होत नसेल तर जुमासाठी जाणे, आणि जेवण आणून देणारे कोणीच नसेल तर ते आणणे. शौचालयासमोर रांग असेल तर थांबता येते. चालता चालता सलामला उत्तर देता येते, कोणाची तब्येतही विचारता येते. पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयेशाही एतिकाफात असताना घरात आजारी माणूस असेल तर जाता जाताच विचारपूस करीत. पाय थांबले की प्रश्न आला. इमाम अबू हनीफा यांच्या मते गरजेशिवाय क्षणभर बाहेर थांबण्यानेही एतिकाफ जातो, आणि विसरून गेलो हे कारण चालत नाही. विसरून खाल्ले तर रोजा टिकतो. विसरून बाहेर पडले तर एतिकाफ टिकत नाही. हा फरक भलेभले चुकतात.

फसवणारी कारणे छोटी असतात. वजू असताना ताज्या वजूसाठी जाणे. फक्त हात धुवायला, चूळ भरायला किंवा दात घासायला जाणे. उकाडा म्हणून आंघोळीला जाणे. मोबाईलला रेंज नाही म्हणून पायरीवर येणे. सिगारेट, तंबाखू. उपाय आधीच करून ठेवा: हात धुण्यासाठी एक पसरट भांडे आत ठेवावे, ते घरून डबा आणणाऱ्याने रिकामे करावे, मिसवाक किंवा ब्रश वजूच्या वेळीच करावा, व्यसन असेल तर शाबानपासून (रमजानआधीच्या महिन्यापासून) कमी करत आणावे. जनाजा आणि आजाऱ्याची भेट ही पुण्याची कामे असली तरी त्यासाठी बाहेर पडल्यास एतिकाफ मोडतो. मात्र कोणाचा जीव धोक्यात असेल, आई-वडिलांना तुमच्याशिवाय कोणी नसेल, तर जायलाच हवे. एतिकाफ सुटेल, गुनाह होणार नाही.

सामान थोडे असावे. पातळ गादी आणि चादर (मशिदीच्या सतरंजीवर थेट झोपू नये), सैल कपड्यांचे तीन-चार जोड, टॉवेल, पाण्याची बाटली, ताट-पेला, दस्तरखान, औषधे, नखे कापायचे साधन, कुरआन, एक वही. पडदा कोपऱ्यात बांधा आणि तो जमातीच्या सफेत (नमाजेच्या रांगेत) येत नाही ना, ते उभे राहून बघा. येत असेल तर नमाजेच्या वेळी गुंडाळायचा. कच्चा कांदा-लसूण टाळा, वासाने इतरांना त्रास होतो. मशिदीच्या विजेवर फोन चार्ज करायचा तर मुतवल्लींची परवानगी घ्या. जकातीचा हिशेब, फित्रा, बिले, दुकानाच्या किल्ल्या हे सगळे विसाव्याच्या आत मार्गी लावा. मन बाहेर अडकते ते याच कामांत.

इबादतीचे वेळापत्रक आखताना पहिला मान कजा (वेळेवर राहून गेलेल्या, नंतर भरून काढायच्या) नमाजांना द्यावा, असे आमचे ठाम मत आहे. अंगावर वर्षांच्या फर्ज (सक्तीच्या) नमाजा असताना नुसत्या नफल वाढवण्यात अर्थ नाही. एका दिवसाची कजा म्हणजे १७ फर्ज आणि ३ वित्र (इशानंतरची नमाज), एकूण २० रकात (नमाजेची आवर्तने). रोज दोन दिवसांची कजा काढली तरी मोठा भार उतरतो. सूर्योदय, मध्यान्ह आणि सूर्यास्त या तीन वेळा सोडून ती कधीही पढता येते. फज्र (पहाटेची नमाज) आणि असरनंतर नफल मात्र नाहीत.

तिलावतीचा हिशेब सोपा आहे. रोज तीन पारे (कुरआनच्या तीस भागांपैकी) वाचले तर दहा दिवसांत खतम, म्हणजे पूर्ण वाचून होते. एका पाऱ्याची साधारण २० पाने. प्रत्येक फर्जनंतर १२ पाने वाचली की दिवसाची ६० होतात. हळू वाचणाऱ्याने चार-चार पाने घ्यावीत, एक पारा होईल, पण उच्चार शुद्ध ठेवावा. मोठ्या आवाजात वाचू नये. पैगंबरसाहेब एतिकाफात असताना लोक मोठ्याने कुरआन पढत होते, तेव्हा त्यांनी पडदा बाजूला करून सांगितले की प्रत्येकजण आपल्या रबशी बोलतो आहे, एकमेकांना त्रास देऊ नका. याच कारणाने पहाटेचा अलार्म थरथराटीवर ठेवावा.

शबे-कद्र (रमजानमधली सर्वांत मोलाची रात्र) २१, २३, २५, २७ आणि २९ या ताक रातींत शोधायची. रात्र दिवसाच्या आधी येते, म्हणून सत्तावीसावी रात्र म्हणजे सव्वीसाव्या रोजाच्या इफ्तारनंतरची. सगळी ताकद त्या एकाच रात्रीवर लावणारे अठ्ठाविसाव्या दिवशी आडवे होतात, आणि एकोणतिसावी रात्र झोपेत जाते. रोजची चाल सारखी ठेवा: तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजेनंतर) दोन-तीन तास झोप, सहरीच्या दीड-दोन तास आधी उठून तहज्जुद (उत्तररात्रीची नफल नमाज), दुआ आणि इस्तिगफार (क्षमायाचना), मग सहरी. सूर्योदयानंतर १५-२० मिनिटांनी इश्राकच्या (सकाळच्या नफल नमाजेच्या) दोन किंवा चार रकात पढून पुन्हा झोपावे. इफ्तारला पोटभर तळकट खाल्ले तर तरावीहमध्येच डोळे मिटतात. त्या रात्रींची दुआ हजरत आयेशांना शिकवलेली: अल्लाहुम्मा इन्नका अफुव्वुन तुहिब्बुल अफ्व फअफु अन्नी (हे अल्लाह, तू क्षमा करणारा आहेस, क्षमा तुला आवडते, मला क्षमा कर). ज्यांच्यासाठी मागायचे त्यांची नावे वहीत आधीच लिहा. पहाटे थकलेल्या डोक्याला ती आठवत नाहीत.

बाया हनफी मसलकात घरातल्या नमाजेच्या जागी बसतात. जागा ठरलेली नसेल तर एक कोपरा आधी नेमून घ्यावा. मग तोच मशिदीच्या जागी. तिथून स्वयंपाकघरात जाता येत नाही, म्हणून दहा दिवसांचा स्वयंपाक आणि मुले कोण बघणार हे पतीशी बोलून, त्यांच्या परवानगीने ठरवावे. पाळी आली तर एतिकाफ संपतो. शाफई मसलकात बायांनाही मशीदच लागते.

बोलणे पूर्ण बंद करणे ही इबादत नाही, उलट मकरूह (नापसंत) आहे. कामापुरते, दीनचे, घरच्यांच्या खुशालीचे बोला. गप्पांचे कोंडाळे मात्र जमू देऊ नका. चार ओळखीचे एकत्र बसले की तेच पहिले होते.

एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्राची खात्रीशीर खबर येईपर्यंत जागा सोडू नका. खबर पक्की झाली, किंवा तिसावा रोजा सूर्यास्ताला संपला, की एतिकाफ पूर्ण. ती रात्रही मशिदीतच काढून तिथूनच ईदच्या नमाजेला जाणे पसंत केलेले आहे.

मध्येच मोडला तर घरी जायची गरज नाही, उरलेले दिवस नफलच्या नियतीने बसता येते. मोडलेल्या सुन्नत एतिकाफची कजा एका दिवसाची: सूर्यास्ताआधी मशिदीत जायचे, दुसऱ्या दिवशी रोजा ठेवायचा आणि सूर्यास्तानंतर बाहेर यायचे. रमजानचे दिवस उरले असतील तर त्यातच ती उरकता येते. शाफई मसलकात नफल एतिकाफला कजा नाही. कजा रमजाननंतर करायची तर ईदुल-फित्रचा दिवस आणि जिल्हिजच्या (बकरी ईदच्या महिन्याच्या) १० ते १३ तारखा सोडून कोणताही दिवस निवडावा, कारण त्या दिवसांत रोजा ठेवता येत नाही.